दोष रेकॉर्डचा नव्हे

घरातल्या जुन्या रेकॉर्ड भंगारात निघतात तेव्हा बहुधा एकच कारण सांगितले जाते : "आता नुसत्या घूं घूं करतात." पण रेकॉर्ड घूं करीत नाही. ती खरखरते, टकटकते, फार तर एका खाचेत अडकते. अखंड, एकाच सुरातले घूं हे बहुतेक वेळा विजेचे असते. ते न तपासता आजोबांनी जमवलेले गाणे किलोच्या भावाने विकणे हा निव्वळ आळस होय, असे माझे मत आहे.

"कला शाखेच्या मुलांनी वायरीत कशाला बोट घालावे?" असे कोणी विचारील. पण येथे आधी काम कानाचे आहे. आपल्याकडच्या विजेची सेकंदाला ५० आवर्तने होतात, म्हणून हे घूं ५० किंवा १०० कंपनांचे असते. १०० कंपने म्हणजे पेटीच्या हिशेबाने खर्जातल्या पांढरी पाचहून किंचित चढे आणि काळी चारहून उतरे. तानपुरा गायकाच्या सुराला लावतात; हा विजेचा तानपुरा कोणाच्याच सुराला लागत नाही. चावीच्या ग्रामोफोनला ही पीडा नव्हती, कारण त्यात वीजच नव्हती.

मग रेडिओ, टेप सोडून ती रेकॉर्ड प्लेअरलाच का जडते? सुईमागच्या चुंबकी कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात आणि ते सुमारे शंभरपट वाढवावे लागतात. शिवाय खाच रुंद होऊ नये म्हणून रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबलेले असतात. वाजवताना ते पुन्हा फुगवतात. बाहेरून शिरलेले घूंही त्यांच्याबरोबर आयतेच पोसले जाते.

आता परीक्षा. सुई उचलून आवाज थोडा वाढवा. घूं तसेच राहिले तर रेकॉर्ड निर्दोष सुटली. ॲम्प्लिफायरचे बटण रेडिओवर फिरवा. घूं थांबले तर ॲम्प्लिफायरचा मुख्य भागही बहुधा ठीक. उरला प्लेअरपासूनचा रस्ता. प्लेअरच्या मागून एक बारीक सुटी तार येते. ती ॲम्प्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूखाली घट्ट हवी. पुष्कळदा ती सामान हलवताना निसटून मागे लोंबत असते, आणि सारा रोग तेवढाच असतो! नाहीतर मशीन बंद करून कार्ट्रिजच्या चार पिना पुसाव्यात, सिग्नलची वायर विजेच्या वायरीपासून दूर न्यावी, प्लेअर ट्रान्सफॉर्मरपासून हातभर सरकवावा. ॲम्प्लिफायर टीव्हीला जोडला असेल तर केबलची तार काढून पाहावी. जमिनीला दोन वाटा मिळाल्या की त्या वेढ्यातही घूं शिरते.

येथे एक इशारा. काही दुरुस्तीवाले प्लगची तिसरी, जाड पिनच काढून टाकायला सांगतात. घूं जातेही, पण ती पिन माणसाला वाचवण्यासाठी असते. गाण्यापायी जीव धोक्यात घालण्याचा हा सल्ला ऐकू नये. धातूला हात लावताच झिणझिण्या आल्या तर सर्व बंद करून वायरमनलाच बोलवावे.

गाण्यात मध्येच बातम्या ऐकू येतात, त्याला काही घरांत भुताटकी म्हणतात. खरे तर लांब वायर एरियल बनते, आणि गंजलेला सांधा किंवा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओचे काम करू लागतो. वायर आखूड व जाळीदार आवरणाची घ्यावी, सांधे घासावेत, वायरीवर फेराइटची कडी चढवावी. मोबाइल प्लेअरवर ठेवू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

एवढ्या खटपटीनंतरही सुई उचलल्यावर थोडे घूं उरते. गाणे सुरू होताच ते बुडत असेल तर सोडून द्यावे. रेकॉर्ड मात्र तोवर उभ्या ठेवाव्यात; आडवी थप्पी मारली की त्या वाकतात, आणि तो दोष कोणत्याही तारेने निघत नाही.