खेचरांची वाट

रस्ता कशासाठी असतो, असे कोणाही मुलास विचारले तर ‘पोहोचण्यासाठी’ असे उत्तर तो चटकन देईल. उत्तर चुकीचे नाही. बाजाराचा रस्ता बाजारात पोहोचवतो, शाळेचा रस्ता शाळेत. मग रस्ता जितका सरळ आणि गुळगुळीत, व त्यावरून धावणारे वाहन जितके वेगवान, तितका तो चांगला, असे वाटणे साहजिकच आहे. परंतु काही वाटा अशा असतात, की त्यांवरून जाऊन कोठे पोहोचायचे यापेक्षा वाटेत काय भेटते यालाच अधिक मोल असते. अशी वाट वेगाच्या स्वाधीन करणे म्हणजे ती गमावणे होय. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या काठी अशी एक वाट आहे. एकेकाळी ती नाहीशी होण्याच्या बेतात होती. ती कशी वाचली, आणि आज तिच्यावरून सायकलीने जाणाऱ्यांनी कसे जावे, हे दोन्ही प्रश्न विचार करण्याजोगे आहेत.

महाराष्ट्रातील मुलांना कालवा म्हटला की धरणातून शेताकडे जाणारे पाणी आठवते. पोटोमॅककाठचा ‘चेसापीक आणि ओहायो’ हा कालवा मात्र शेतीसाठी नव्हता. तो पाण्याचा रस्ता होता. नदीच्या पात्रात खडक व धबधबे असल्यामुळे मालाच्या नौका तिच्यातून सुरक्षित जाऊ शकत नसत. म्हणून नदीच्या शेजारी संथ पाण्याचा कालवा खोदावा, असे ठरले. ४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी वॉशिंग्टन शहराजवळ पहिले फावडे मारले. ते झाडाच्या मुळाला अडले. त्यांनी पुन्हा मारले, पुन्हा अडले. अखेरीस अध्यक्षांनी अंगातील कोट काढून ठेवला व नेटाने माती उचलली, तेव्हा जमलेल्या लोकांनी मोठा हर्षनाद केला. नेमक्या त्याच दिवशी बाल्टिमोर शहरात एका रेल्वेमार्गाची पायाभरणी झाली. दोघांचेही ध्येय एकच होते : डोंगर ओलांडून पश्चिमेकडील ओहायो नदी गाठणे. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलंड गावी पोहोचली. कालव्याला तेथवर येण्यास १८५० साल उजाडले. त्यापुढे तो कधीच गेला नाही. ओहायो नदी त्याच्या केवळ नावातच राहिली.

तरीही हा कालवा म्हणजे सामान्य काम नव्हे. त्याची लांबी सुमारे २९७ किलोमीटर आहे. वॉशिंग्टनपासून कंबरलंडपर्यंत जमीन सुमारे १८४ मीटर चढत जाते आणि हा चढ चढण्यासाठी त्यावर ७४ लॉक बांधलेले आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांस भक्कम दारे असलेला दगडी हौद. वर जाणारी नौका आत आली की मागचे दार लावायचे आणि वरच्या बाजूचे पाणी हौदात सोडायचे. पाणी चढेल तशी नौका वर उचलली जाते; मग पुढचे दार उघडायचे. उतरताना हाच क्रम उलटा. नौकेला ना शीड, ना यंत्र. काठावरच्या वाटेने चालणारी खेचरे लांब दोराने ती ओढीत असत. नौकेत मुख्यत्वे कोळसा भरलेला असे. कित्येक कुटुंबांचा संसार नौकेवरच चाले आणि खेचरांमागून चालण्याचे काम पुष्कळदा घरातील मुलांकडे असे. लॉकचा राखणदार शेजारच्या लहानशा घरात राही. नौका आल्याची हाक ऐकू आली की मध्यरात्रीसुद्धा त्याला दारे उघडण्यास यावे लागे. रेल्वेच्या स्पर्धेत खंगत चाललेला हा कालवा १८८९ च्या पुरातून कसाबसा सावरला; १९२४ च्या पुरानंतर मात्र तो बंद पडला तो कायमचाच.

पुढे १९३८ मध्ये अमेरिकन सरकारने तो विकत घेतला. परंतु बंद पडलेल्या कालव्याचे करायचे काय? त्याच्या जागेवरून मोटारींसाठी एक रम्य रस्ता न्यावा, अशी योजना पुढे आली. जानेवारी १९५४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकाने अग्रलेख लिहून तिला पाठिंबा दिला. तो वाचून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस अस्वस्थ झाले. त्यांनी त्याच दैनिकास पत्र पाठविले. कालव्याविषयी मत बनविण्यापूर्वी अग्रलेखाच्या लेखकाने आपल्याबरोबर ही संपूर्ण वाट पायी चालून पाहावी, असे आव्हानच त्यात होते. संपादकांनी ते स्वीकारले. मार्चमध्ये बरीच मंडळी कंबरलंडहून निघाली. थंडी होती, बर्फही पडले. आठ दिवसांनी वॉशिंग्टनला पोहोचेपर्यंत संपूर्ण अंतर चालून आलेले केवळ नऊजण उरले होते. पंचावन्न वर्षांचे डग्लस त्यांपैकी एक. संपादकांना सगळी वाट चालणे जमले नाही. परंतु जेवढे चालले तेवढ्याने त्यांचे मत पालटले आणि तसे त्यांनी आपल्या दैनिकात मोकळेपणाने लिहिले. चूक उमगल्यावर ती जाहीरपणे मान्य करणे हे चालण्याइतकेच कष्टाचे काम आहे. १९७१ मध्ये हा सारा कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून संरक्षित झाला.

तथापि, आधी संपादकांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे समजू नये. अशी सुंदर जागा मूठभर धडधाकट माणसांसाठी राखून ठेवणे योग्य आहे काय? २९७ किलोमीटर पायी चालण्याइतकी सवड आणि शक्ती किती जणांजवळ असते? मोटारीतून हजारो लोक ती पाहतील, हा विचार उदारच होता. चूक होती ती दुसरीकडे. कालवा पाहण्यासाठी जो रस्ता बांधायचा, तोच कालव्याला गिळून टाकणार होता. लॉकच्या दगडांवर, राखणदारांच्या घरांवर व जुन्या झाडांवर घाला घालून मग भरधाव गाडीच्या काचेतून प्रवाशांना काय दाखवावयाचे? ज्या गोष्टीसाठी रस्ता करावयाचा तीच उरली नाही, तर उरतो तो केवळ रस्ता.

मग उदार विचार आणि जुनी वाट, या दोहोंचा मेळ घालता येतो काय? तो घातला सायकलीने. सायकल चालविणारा पायी चालणाऱ्याच्या कितीतरी पट अंतर कापतो. तरीही त्याच्यासाठी नवा रस्ता बांधावा लागत नाही. खेचरांना पुरेशी असलेली वाट त्यालाही पुरते. विशेषतः रुंद, खाचदार टायरांची ‘माउंटन बाइक’, म्हणजे डोंगरी सायकल, या कामी उपयोगी पडते. खडी, चिखल व झाडांची मुळे यांना ती दाद देत नाही. डग्लस यांना जी वाट चालण्यास आठ दिवस लागले, ती आज साधारण प्रकृतीची माणसे सायकलीवरून तीन-चार दिवसांत पुरी करतात. सुट्टीच्या दिवशी आई-वडील आणि मुले तिचा एखादाच तुकडा पाहून संध्याकाळी घरी परततात. पुष्कळांना पाहता यावे, ही संपादकांची इच्छा अशा रीतीने, एक दगडही न हलविता, पूर्ण झाली.

यावर कोणी म्हणेल, की डोंगरी सायकल जन्मली तीच मुळी वेगाच्या हौसेतून. आणि ते खरेच आहे. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील काही तरुण जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरावरून धुळीच्या वाटांनी सुसाट उतरत. त्या खेळातूनच ही सायकल घडली. मग तिला ऐतिहासिक वाटेवर आणणे म्हणजे उधळलेले घोडे देवळात आणणेच नव्हे काय? हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु दोष वाहनाचा नसतो, ते चालविणाऱ्याचा असतो. वेगाचा आनंद वाईट नाही. त्यासाठी मुद्दाम आखलेल्या डोंगरवाटा आहेत. तेथे हवे तसे धावावे. जेथे म्हातारी माणसे फिरावयास येतात, लहान मुले पाण्यात दगड टाकीत उभी असतात आणि दोनशे वर्षांपूर्वीचे दगड पायांखाली येतात, तेथे तोच आनंद दांडगाई ठरतो.

म्हणूनच या वाटेवर सायकलींसाठी नियम आहेत. ताशी सुमारे २४ किलोमीटरहून अधिक वेगाने जाऊ नये. पायी चालणाऱ्यास आणि घोडेस्वारास आधी वाट द्यावी. कोणास ओलांडताना घंटी वाजवावी. जलसेतूवरून जाताना सायकलीवरून उतरून ती हाताने न्यावी. घाईत असलेल्या मुलाला हे नियम जाचक वाटतील. तथापि ज्याने ते पाळले त्यालाच ही वाट पुरती दिसते.

उदाहरणार्थ, पॉ पॉ येथील बोगदा घ्यावा. नदीची कित्येक किलोमीटरांची वळणे टाळण्यासाठी डोंगर पोखरून तो काढला आहे. लांबी सुमारे ९५० मीटर; आत लावलेल्या विटा साठ लाखांहून अधिक. काम १८३६ मध्ये सुरू झाले. पैसा संपल्यामुळे मध्ये काही वर्षे थांबले आणि १८५० मध्ये पुरे झाले. आयर्लंडसारख्या दूर देशांतून पोटासाठी आलेल्या मजुरांनी तो खणला. त्यांना वेळेवर मजुरी मिळत नसे. बोगद्यात काळोख असतो व वाट अरुंद आहे. म्हणून सायकल हाती धरून, दिवा लावून चालावे लागते. असे चालताना हात कठड्यावर टेकला, तर बोटांना खाचा लागतात. खेचरांचे दोर वर्षानुवर्षे घासून त्या पडल्या आहेत. वेगाने निघून जाणाऱ्यास त्या खाचा कधीच भेटणार नाहीत. मजुरांची नावे पुस्तकांत फारशी सापडत नाहीत. त्यांचे काम मात्र असे हाताला लागते.

पुढे वाट अँटिएटम ओढ्याजवळ येते. येथून थोड्या अंतरावर १७ सप्टेंबर १८६२ रोजी अमेरिकेच्या यादवी युद्धातील घनघोर लढाई झाली. त्या एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० सैनिक मृत, जखमी अथवा बेपत्ता झाले. जवळच्या गावातील काही लोकांनी कालव्याकाठच्या गुहेत आसरा घेतला होता. ती गुहा वाटेवरूनच दिसते. आणखी खाली, नदीपलीकडे हार्पर्स फेरी हे गाव आहे. गुलामगिरी नष्ट व्हावी म्हणून १८५९ मध्ये जॉन ब्राउन यांनी तेथील शस्त्रागारावर हल्ला केला व त्यापायी ते फासावर गेले. नंतर येतो मोनोकसी नदीवरचा सात कमानींचा जलसेतू. युद्धाच्या काळी तो उडवून देण्याचा प्रयत्न झाला. परंतु त्याचे दगड इतके पक्के बसलेले, की तो बेत सोडावा लागला. इतिहासाच्या पुस्तकातील एकेक प्रकरण येथे जमिनीवरच मांडलेले आहे. पाने भरभर उलटली तर धडा संपतो खरा, पण समजत नाही.

कालव्याला मागे टाकणाऱ्या रेल्वेचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. कंबरलंडपासून पश्चिमेकडील काही जुने रेल्वेमार्ग कालांतराने बंद पडले व त्यांचे रूळ उखडले गेले. त्या मार्गांवर पिट्सबर्ग शहरापर्यंत सुमारे २४० किलोमीटरांची सायकलवाट तयार झाली. ती २०१३ मध्ये पूर्ण झाली. पिट्सबर्ग येथे ओहायो नदी सुरू होते. ज्या नदीपर्यंत कालव्याला कधीच पोहोचता आले नाही, तेथे आता त्याच्या काठाने निघालेली मुले सायकलीवरून पोहोचतात. मात्र त्यांनी घाई करू नये. वाटेतील लॉकजवळ थांबावे, सायकल बाजूला लावावी आणि क्षणभर विचार करावा, की त्यांच्याच वयाचे एखादे मूल याच मातीवरून, खेचरांचा दोर सांभाळीत, दिवसभर पायी चालले होते. त्याच्यासाठी ती सहल नव्हती. ही आठवण ज्याला राहील, त्याच्या चाकाखाली ती वाट सुरक्षित राहील.