'कर्ता अज्ञात' लिहिण्यापूर्वी

'ज्याचा कर्ता अज्ञात असतो ते लोकगीत' ही व्याख्या आपण सर्वांनी परीक्षेत लिहिली आहे आणि तिला गुणही मिळाले आहेत. पण कर्ता खरोखरच अज्ञात असतो, की त्याची कोणी चौकशीच केलेली नसते? अमेरिकेतील गायिका एलिझाबेथ कॉटन यांची हकिकत वाचल्यापासून हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही.

कॉटनबाईंचा जन्म १८९३ साली दक्षिणेकडील नॉर्थ कॅरोलिना राज्यात, एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. लहानपणीच त्या लोकांच्या घरी कामाला लागल्या आणि साठवलेल्या पैशांतून त्यांनी गिटार घेतली. त्या डावखुऱ्या, म्हणून तारा न बदलता त्यांनी गिटारच उलटी धरली. अकरा-बारा वर्षांच्या असताना त्यांनी 'फ्रेट ट्रेन', म्हणजे मालगाडी, हे गाणे रचले. पुढे संसार आला, चर्चमधील मंडळींनी असली गाणी सोडायला सांगितली आणि वाजवणे जवळजवळ सुटले.

पन्नाशी उलटल्यावर त्या वॉशिंग्टनजवळ सीगर कुटुंबाकडे घरकामाला राहिल्या. हे कुटुंब लोकसंगीताच्या अभ्यासकांचे! लोकगीतांचा अभ्यास दिवाणखान्यात आणि गीत रचणारी बाई स्वयंपाकघरात! एके दिवशी भिंतीवरची गिटार त्यांनी हाती घेतली, तेव्हा कुठे घरच्यांना कळले. पहिली ध्वनिमुद्रिका १९५८ साली निघाली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. त्याआधीच, १९५७ साली, 'फ्रेट ट्रेन' इंग्लंडमध्ये गाजले होते; पण रचनाकार म्हणून नावे होती भलत्याच दोघांची. श्रेय परत मिळवण्यासाठी झगडावे लागले. १९८५ साली, ब्याण्णवाव्या वर्षी, त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. १९८७ साली त्या वारल्या.

कोणी म्हणेल, अखेर न्याय मिळाला ना? माझ्या मते हे समाधान फसवे आहे. बाई दुसऱ्या एखाद्या घरी कामाला असत्या तर? मग आपण या गाण्यावरही 'पारंपरिक' असा शिक्का मारून मोकळे झालो असतो. काही गाणी खरोखरच अनेकांच्या तोंडून घडतात, हे मान्य. परंतु 'अज्ञात' हा शब्द विचारपूस केल्यानंतर लिहावा, आधी नव्हे.

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणे. त्यांतली एखादी तिची स्वतःची होती का, हे मी तिला कधी विचारले नाही. आता विचारायला ती नाही. व्याख्या मात्र मला पाठ आहे.