लिनक्सचं सर्टिफिकेट करायचंय? आधी पीडीएफवरचा कोड बघा

बीएस्सी कॉम्प्युटर झालेला, घरी दोन एकर सोयाबीन असलेला एक मुलगा मध्यंतरी भेटला. तालुक्याच्या ठिकाणी एका क्लासमध्ये त्याने लिनक्सच्या सर्टिफिकेटसाठी पैसे भरले होते. हातात काय आलं? व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ. त्यात नुसते प्रश्न आणि खाली उत्तरं. क्लासवाल्या सरांनी सांगितलं, एवढं पाठ कर, दुसरं काही बघू नको.

पीडीएफच्या वरच परीक्षेचा कोड छापला होता, ०१०-१५०. ती परीक्षा कधीच बंद झाली. तिच्या जागी ०१०-१६० येऊनही कित्येक वर्षं झाली. म्हणजे पोरगं जुन्या परीक्षेचे, तेही कुणीतरी चोरून बाहेर काढलेले प्रश्न पाठ करत बसलं होतं.

हा विषय आत्ताच का काढला, तर १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार थांबवला. गावागावांत, सेतू केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात असलेले बरेच जुने कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नाहीत. त्यावर लिनक्स टाकता येतं, तेही फुकट. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेली ही सिस्टीम आज जगातल्या बहुतेक सर्व्हरवर चालते. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनही तिच्याच गाभ्यावर चालतो. त्यामुळे पोरांचं लक्ष तिकडे जाणं साहजिक आहे, आणि त्यांच्यामागे क्लासवाल्यांचंही.

नवख्यासाठी बरी परीक्षा म्हणजे एलपीआय या संस्थेची लिनक्स एसेन्शियल्स. ६० मिनिटं, ४० प्रश्न, ८०० पैकी ५०० गुण मिळाले की पास. सर्टिफिकेटला मुदत नाही. परीक्षेची फी द्यावीच लागते, ती देशागणिक वेगळी असते, एलपीआयच्या वेबसाइटवर बघून घ्या. पण अभ्यासाचं साहित्य मात्र एलपीआय स्वतःच फुकट देते. त्यांच्या लर्निंग पोर्टलवर सगळ्या धड्यांची पीडीएफ आहे, प्रत्येक धड्याखाली सराव आहे आणि सरावाची उत्तरंही आहेत. जे फुकट आहे त्यातलंच थोडंफार घेऊन, स्वतःचा शिक्का मारून विकणारेही भेटतात. विकणाऱ्याला एकच विचारा : सर, हे कोणत्या कोडचं आहे? उत्तर आलं नाही तर उठून या.

अडचण इंग्रजीची आहे, हे मान्य. परीक्षा मराठीत नाही. पण समजून घ्यायला मराठी आहे. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प आहे. त्यात लिनक्सचे छोटे छोटे व्हिडिओ मराठी आवाजात आहेत. व्हिडिओ थोडा बघायचा, थांबवायचा, तेच आपल्या मशीनवर करायचं, अशी त्यांची पद्धत. काही व्हिडिओ जुने आहेत, स्क्रीन वेगळी दिसेल, पण फाइल, फोल्डर, परवानग्या या मूळ गोष्टी बदललेल्या नाहीत. आधी मराठीत ऐका, मग तोच भाग एलपीआयच्या इंग्रजी धड्यात वाचा. डोक्यात अर्थ असला की इंग्रजी वाक्य आपोआप सुटतं. त्यापुढे वाचायचं असेल तर विल्यम शॉट्स यांचं 'द लिनक्स कमांड लाइन' हे जाडजूड पुस्तक आहे, त्याचीही पीडीएफ लेखकाने स्वतःच फुकट ठेवली आहे.

आता खरी गोष्ट. लिनक्स वाचून येत नाही. पोहणं पुस्तकातून येत नाही तसंच. त्या मुलाला मी विचारलं, सीएचमॉड ६४० म्हणजे काय? तो लगेच म्हणाला, "पर्याय क." पीडीएफमध्ये तसंच होतं! अर्थ साधा आहे. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. सहा म्हणजे मालक वाचू शकतो आणि लिहूही शकतो, चार म्हणजे गट फक्त वाचतो, शून्य म्हणजे इतरांना दार बंद. हे एकदा कळलं की आकडा ६४० असो की ७५०, फरक पडत नाही. पाठ केलेल्याला मात्र पर्यायांचा क्रम बदलला की घाम फुटतो. शिवाय अशा चोरीच्या प्रश्नांवर परीक्षा दिल्याचं सिद्ध झालं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, ते वेगळंच.

लॅपटॉप नसला तरी सुरुवात अडत नाही. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं अॅप आहे, त्यात निम्म्याहून जास्त कमांड चालवून बघता येतात. नवीन युजर तयार करणं वगैरे त्यात जमत नाही, त्याला कॉम्प्युटरच लागतो. घरात जुना पडलेला असेल, २ जीबी रॅम असेल, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून बघा. हार्ड डिस्कला हात न लावताही ते सुरू होतं. इन्स्टॉल करताना मात्र 'डिस्क पुसा' या पर्यायावर डोळे झाकून क्लिक करू नका, घरच्या लग्नाचे फोटो आधी बाहेर काढा.

आणि या एकट्या सर्टिफिकेटवर नोकरी लागते असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. ही पहिली पायरी. पुण्या-मुंबईकडे सर्व्हर सांभाळायच्या कामाला रेड हॅटच्या आरएचसीएसएचं नाव जास्त घेतलं जातं. त्या परीक्षेत पर्याय नसतातच. चालू मशीन समोर देतात, काम करून दाखवायचं, आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही ते टिकलं पाहिजे.

लिनक्स एसेन्शियल्स घरून ऑनलाइनही देता येते, पण कॅमेरा सतत सुरू ठेवावा लागतो आणि नेट तुटलं तर पंचाईत. ज्या गावात रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं, तिथल्यांनी एसटीचं तिकीट काढून शहरातलं परीक्षा केंद्र गाठावं. त्या मुलाने आता पीडीएफ डिलीट केली आहे. क्लासचे पैसे परत मागायला तो आणि त्याचे वडील सोमवारी बाजाराच्या दिवशी जाणार आहेत.