एक टिंब, दोन टिंबे

१९६२च्या शुद्धलेखन-नियमांनी अक्षरांच्या डोक्यावरची न उच्चारली जाणारी टिंबे गेली, पण त्यापायी कोणाची गुंठाभर जमीन गेली नाही. आकड्यांतल्या टिंबाची गोष्ट निराळी.

राहुरीकडच्या आमच्या जमिनीची चौघा भावांत वाटणी व्हायची आहे. म्हणून पुतण्याने सगळी क्षेत्रे संगणकाच्या नोंदवहीत भरायला घेतली. सातबाऱ्यावर क्षेत्र होते ०.८१.००, म्हणजे शून्य हेक्टर, ८१ आर, शून्य चौरस मीटर. संगणक म्हणाला, ही संख्याच नव्हे! चिरंजीव वैतागले, पण यंत्राचे काय चुकले? एका संख्येत दशांशचिन्ह एकदाच यायचे. शंभर चौरस मीटरांचा आर आणि शंभर आरांचा हेक्टर, तेव्हा दुसरे टिंब गाळून ०.८१०० लिहिले की भागले. रकाना मात्र दशांशाचा, टिंबापुढे चार घरे नेमून दिलेला हवा. पूर्णांकाचा ठेवला तर काही प्रणाली ०.८१ चा मुकाट्याने १ करून मोकळ्या होतात. एकोणीस आर फुकट! असली कृपा सरकारनेही कोणावर केल्याचे ऐकिवात नाही.

तरी अडून बसणारे यंत्र परवडले. जुन्या वाटणीपत्रात एका तुकड्यापुढे २.२० असे होते. हे एकर-गुंठे. टिंब एकच, म्हणून यंत्राने काही तक्रार न करता ते घेतले आणि शेवटचे शून्य बिनकामाचे समजून २.२ करून ठेवले. आता चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणजे जमीन अडीच एकर. यंत्राच्या हिशेबी ती दोन एकर आठ गुंठे! बारा गुंठे नाहीसे, आणि चुकीचा एक शब्द पडद्यावर नाही. आमच्याकडे हातभर बांध सरकला तरी कोर्टाच्या पायऱ्या झिजतात, हे वाचकांना सांगायला नको.

पुतण्या रकान्याचे दशांश वाढवीत बसला होता. वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “अहो भावोजी, सगळं गुंठ्यांतच मांडायला सांगा की त्याला. दोन एकर वीस म्हणजे शंभर गुंठे.”

झाले! एकराचा एक रकाना, गुंठ्यांचा दुसरा, दोन्ही पूर्णांकांचे. गुंठे ३९ च्या वर गेले तर नोंद घ्यायचीच नाही, आणि बेरीज गुंठ्यांत. पण आधी भरलेल्या नोंदींत जिथे जिथे २.२ उरले आहे, तिथे मुळात दोन गुंठे होते की वीस, हे आता यंत्राला विचारून उपयोग नाही. वाटणीपत्राची मूळ प्रत थोरल्या काकांच्या पेटीत आहे. ती आणायला पुतण्या उद्याच्या पहिल्या एस.टी.ने राहुरीला निघतो आहे.