नव्या प्रोसेसरचा दाम, ताप आणि काम

यंत्र घेताना आमचा व्यापारी तीन गोष्टी विचारतो. दाम किती, काम किती आणि चालवायचा खर्च किती. माग असो, शिलाई मशीन असो की वजनाचा इलेक्ट्रॉनिक काटा असो, हा हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण तो विसरतो. दुकानदार ‘लेटेस्ट आहे’ म्हणतो आणि आपण खिशात हात घालतो. गेल्या काही वर्षांत संगणकाचे जे खरे शौकीन आहेत, जे स्वतः सुटे भाग आणून मशीन जोडतात आणि प्रत्येक नव्या चिपची वाट पाहतात, त्यांनीच नव्या डेस्कटॉप प्रोसेसरबद्दल उघड नाराजी व्यक्त केली आहे. ही नाराजी आपल्या कामाची आहे, म्हणून तिच्यावर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

संगणक आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरील उलाढालीला ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. सोलापूरच्या चादरीचे आणि टॉवेलचे नक्षीकाम आज संगणकावर तयार होते. लग्नपत्रिका छापणारे आमचे उर्दू कातिबसुद्धा कलम सोडून इनपेजवर बसले. खरे तर संगणकाने आपला पहिला धडा मागाकडूनच घेतला आहे. फ्रान्समधील जकार्ड याने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी विणणारा माग बनवला, आणि त्याच पुठ्ठ्यांची कल्पना पुढे गणनयंत्रांनी उचलली. तेव्हा विणकराने संगणकाच्या विषयात बुजण्याचे काही कारण नाही.

शौकिनांची तक्रार काय?

प्रोसेसर म्हणजे संगणकातील हिशेब करणारी मुख्य चिप. डेस्कटॉपसाठी ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दोनच, इंटेल आणि एएमडी.

एएमडीने ऑगस्ट २०२४ मध्ये रायझन ९००० ही मालिका आणली. त्याच गतीवर सरासरी १६ टक्के जास्त काम होईल, असे कंपनीने जाहीर केले होते. परंतु ३५९ डॉलरच्या रायझन ७ ९७००एक्सची परीक्षा झाली तेव्हा, विशेषतः खेळांच्या चाचण्यांत, मागच्या पिढीपेक्षा वाढ जेमतेम काही टक्क्यांची निघाली. मागच्या पिढीची चिप तोवर बाजारात बरीच स्वस्त झाली होती. मग जास्त पैसे कशासाठी, असा साधा प्रश्न लोकांनी विचारला.

इंटेलची गोष्ट याहून वेगळी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेली १४९००के ही चिप आदल्या वर्षीच्या १३९००के पेक्षा फारशी पुढे नव्हती, आणि पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत वीज मागत होती. पुढे या १३व्या व १४व्या पिढीतील अनेक डेस्कटॉप चिपा मध्येच बंद पडू लागल्या. चिपला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याचे कंपनीने जुलै २०२४ मध्ये मान्य केले, दुरुस्तीचे सॉफ्टवेअर दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा ९ २८५के ही ५८९ डॉलरची चिप आली. ती वीज कमी घेते हे खरे, पण अनेक खेळांत ती आपल्याच जुन्या १४९००के च्या मागे पडली. शिवाय तिच्यासाठी मदरबोर्ड नवा आणि मेमरीही फक्त डीडीआर-५ लागते.

आता हे डॉलर रुपयांत मांडू. त्या वेळच्या सुमारे ८४ रुपये दराने ५८९ डॉलरचे ४९ हजारांवर रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ५८ हजारांच्या पुढे. दुकानदाराचा नफा वेगळा, मदरबोर्ड आणि मेमरी वेगळी. एका लहान कारखानदाराच्या हंगामाच्या सुताचे भांडवल एका डब्यात जाते, आणि बिल मात्र पूर्वीएवढ्याच वेळात निघते.

वेग का थांबला?

पूर्वी असे नव्हते. १९९३ साली पेंटियम आला तेव्हा त्याची गती ६० ते ६६ मेगाहर्ट्झ होती. मार्च २००० मध्ये १००० मेगाहर्ट्झ, म्हणजे एक गिगाहर्ट्झ गाठला गेला. सात वर्षांत सुमारे पंधरा पट! त्या काळी नवे मशीन घेणारा खरोखरच फायद्यात असे. पुढे २००४ च्या अखेरीस पेंटियम ४ ने ३.८ गिगाहर्ट्झ गाठले आणि गाडी अडली. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम आणण्याचा बेत इंटेलने त्याच वर्षी सोडून दिला. त्यानंतर वीस वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, इंटेलची सर्वांत वेगवान डेस्कटॉप चिप ६.२ गिगाहर्ट्झवर पोचली. वीस वर्षांत दुप्पटही नाही. एका ठोक्यात होणारे काम वाढले आणि एका चिपमध्ये अनेक कोअर आले, हे मान्य केलेच पाहिजे. पण ती जुनी झेप राहिली नाही.

याचे मूळ कारण ताप. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली एक नियम मांडला होता. चिपमधील बारीक स्विच जितके लहान होतील तितके व्होल्टेज कमी करता येईल आणि ताप वाढणार नाही, असा त्याचा अर्थ. तीस वर्षे हा नियम चालला. २००५ च्या सुमारास व्होल्टेज आणखी खाली नेणे कठीण झाले, कारण इतक्या लहान स्विचमधून वीज गळू लागली. आता गती वाढवायची तर व्होल्टेज वाढवावे लागते, आणि व्होल्टेज थोडे वाढले तरी वीज त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून शेवटच्या पाच-दहा टक्के वेगासाठी चिप कितीतरी जास्त तापते.

माग चालवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मागाचा वेग एका हद्दीपर्यंत वाढवला तर कापड वाढते. हद्द ओलांडली की ताणा तुटतो, कारागीर गाठी मारीत बसतो, मोटार तापते आणि संध्याकाळी थान तेवढेच निघते.

होटगीचा उन्हाळा

आता आपल्या गावाची गोष्ट. चिपच्या परीक्षा ज्या खोल्यांत होतात तिथले तापमान साधारण २० ते २५ अंश असते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. पंखा कितीही मोठा लावा, तो चिपवर खोलीतलीच हवा फेकतो. २२ अंशांच्या खोलीत जी चिप ८० अंशांवर स्थिर राहते ती ४२ अंशांच्या खोलीत त्याच कामाला १०० च्या आसपास जाणार. आजच्या चिपा ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान स्वतःला वाचवण्यासाठी गती उतरवतात. म्हणजे ज्या शेवटच्या वेगासाठी आपण जादा पैसे मोजले तोच वेग ऐन उन्हाळ्यात मिळत नाही.

त्यात मागाच्या शेडमधील सुताची बारीक रुई आहे. ती पंख्यात आणि तापनिवारक पट्ट्यांत जाऊन बसते आणि हवा अडवते. वीज गेली की इन्व्हर्टरवरही जास्त वॅटचे मशीन लवकर बसते. आमच्या होटगी स्टेशनच्या बाजूला फताटेवाडी येथे एनटीपीसीचे १३२० मेगावॅटचे वीज केंद्र उभे आहे. कोळसा जाळून एक-एक वॅट कसा तयार होतो हे ज्यांच्या दारात दिसते, त्यांनी तरी वॅटचा हिशेब धरावा.

हिशेब अवघड नाही. दोन चिपांत पूर्ण भारावर १६० वॅटचा फरक धरा. रोज आठ तास पूर्ण भार असेल तर दिवसाला सव्वा युनिटच्या वर, आणि वर्षाच्या ३०० दिवसांत सुमारे ३८० युनिट होतात. युनिट दहा रुपये धरले तर ३८०० रुपये. बिलिंगच्या कामात पूर्ण भार क्वचितच येतो, म्हणून हा खर्च तिथे फार कमी होईल. पण मग ज्याला पूर्ण भारच येत नाही त्याने पूर्ण भाराची चिप घ्यावीच का?

आपले माप वेगळे

इथे शौकिनांशी आमचा थोडा मतभेद आहे. ते फक्त वेग मोजतात. म्हणून ९७००एक्स ही चिप ६५ वॅटच्या दर्जाची असूनही त्यांना फिकी वाटली. आमच्या मते आपल्या हवेत हाच तिचा मोठा गुण आहे. कमी तापात तेवढेच काम ही आपल्यासाठी प्रगतीच आहे, फक्त तिचा दाम रास्त हवा. दामाविषयीची त्यांची तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे.

दुसरी गोष्ट कोअरची. आठ माग लावले तर एका वेळी आठ टॉवेल निघतात, पण एकच टॉवेल आठ मागांवर विणता येत नाही. एक बिल, एक पत्र, एक पावती हे एका टॉवेलसारखे काम आहे. त्याला सोळा किंवा चोवीस कोअर दिले तरी उपयोग नाही. व्हिडिओ बनवणारे किंवा मोठ्या डिझाइनची चित्रे रात्रंदिवस काढणारे यांना जास्त कोअर जरूर उपयोगी पडतात. त्यांनी आपल्या कामावर तपासून घ्यावे.

विक्रेते आणखी दोन गोष्टींनी घाई करतात. पहिली, विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. हे खरे आहे, परंतु विंडोज ११ साठी सर्वांत नवी चिप लागत नाही. इंटेलची ८वी पिढी किंवा रायझन २००० आणि त्यापुढील बहुतेक चिपा चालतात. दुसरी, ‘बिनव्याजी हप्ता’. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. रोख दिल्यास किती सूट, हे आधी विचारा. जी सूट हप्त्यात मिळत नाही तीच बहुधा व्याजाची जागा घेते. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या बांधवांनी तर हा प्रश्न विचारल्याशिवाय सहीच करू नये. शहरातील एका दुकानात आम्ही तो विचारला तेव्हा रोख भाव हजारांनी खाली आला.

म्हणून व्यापारी आणि कारागीर बांधवांना आमचे सांगणे असे. बिलिंग, जीएसटी आणि पत्रव्यवहार यांसाठी चार ते सहा कोअरची, ६५ वॅटच्या आतबाहेरची, एक-दोन पिढ्या मागची चिप पुरते. २०२२ साली आलेल्या कोअर आय-३ १२१०० किंवा रायझन ५ ५६०० या दर्जाचे मशीन आपल्या दुकानाचे काम आरामात ओढते. जुन्या मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी ती काढून एसएसडी बसवा. दुकानातल्या कामात तिचा फरक नव्या प्रोसेसरपेक्षा जास्त जाणवतो. मेमरीचे भाव २०२५ च्या अखेरीस जगभर फार चढले, तेव्हा तीही गरजेपुरतीच घ्या. इंटेलची १३वी किंवा १४वी पिढी वापरात असेल तर मदरबोर्डचे नवे बायोस टाकून घ्या, आणि तसे मशीन जुन्या बाजारात घेताना वॉरंटीचा कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. महिन्याला एकदा मशीन बंद करून रुई आणि धूळ साफ करा.

आणि मुलगा किंवा पुतण्या नव्या मशीनसाठी हट्ट धरीत असेल तर त्याला रागावू नका. त्याला एकच काम द्या. आपल्या दुकानाचे एक दिवसाचे बिलिंग, एक डिझाइन आणि एक महिन्याचे रिटर्न जुन्या मशीनवर किती वेळात होते ते कागदावर लिहायला सांगा, आणि विक्रेत्याच्या दुकानात नव्या मशीनवर तेच करून पाहायला सांगा. वेळ निम्म्यावर येत असेल तर मशीन घ्यावे. मिनिट-दोन मिनिटांचाच फरक पडत असेल तर ते पैसे सुतात घालावेत.