डिपॉझिटआधी हक्क सांगा

'खासगी हात लागल्याशिवाय सातारा-सांगलीतली रुग्णसेवा सुधारणार नाही,' हे एका पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. मिरजेत मिशनचे वानलेस रुग्णालय १८९४ मध्ये आले, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये. आपल्या भागाला दोन्हींचा आधार मिळाला. प्रश्न मालकीचा नाही, माहितीचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. डिपॉझिटसाठी मंगळसूत्र गहाण पडल्यावर या सवलतीसाठी रेशनकार्ड मागून काय उपयोग? रुग्णालये तोट्यात जातील, हा आक्षेपही टिकत नाही. इतर रुग्णांच्या एकूण बिलाचे २ टक्के याच खर्चासाठी निधीत जमा करायचे असतात. म्हणून भरतीच्या अर्जावर या सवलतीचा रकाना पहिलाच छापावा.