टेलरचे निम्मेच शास्त्र

फ्रेडरिक विन्स्लो टेलर कालबाह्य झाला, हे मत व्यवस्थापन शिकवणाऱ्यांत आता जवळजवळ सर्वमान्य आहे. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात त्याची ओळख होते, दुसऱ्यात मानवी संबंधांवर भर देणारा एल्टन मेयो येतो. पुढे प्रेरणा, नेतृत्व, संघभावना अशी चर्चा रंगली की मजुरामागे स्टॉपवॉच घेऊन उभा राहणारा तो अमेरिकन अभियंता कायमचा मागे पडतो. मला हे मत मुळीच मान्य नाही. टेलर गेला असे ज्याला वाटते त्याने मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या रोजगार हमीच्या एखाद्या मातीकामावर दिवसभर थांबावे.

काळ्या रानाला हातभर भेगा पडलेल्या असतात आणि मधली ढेकळे अशी कठीण की टिकाव उसळून परत येतो. गडी खणतो, बाई टोपले भरून डोक्यावर घेते आणि बांधावर नेऊन रिकामे करते. खणताना खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट मुद्दाम उभा ठेवतात, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती ते नंतर कळते. मग अभियंता टेप लावतो. लांबी, रुंदी, खोली, माती होती की मुरूम, किती दूर टाकली, किती वर चढवली, हे सगळे मोजमाप पुस्तिकेत चढते आणि दरसूचीप्रमाणे मजुरी निघते. हजेरीपटावर आठवडा पुरा भरलेला असतो, तरी पैसे खड्ड्याच्या घनमीटरवर ठरतात. २००५ च्या केंद्रीय कायद्यात हे दर कसे ठरवावेत याचे सूत्र होते: माणसाने सात तास काम केले तर त्याला ठरलेली मजुरी पडली पाहिजे. एका माणसाचे एका दिवसाचे रास्त काम किती, हा टेलरने आयुष्यभर उराशी धरलेला प्रश्न. त्याचे १९११ चे पुस्तक याच प्रश्नाभोवती फिरते. पुढे मोबाइलवर दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो काढून हजेरी नोंदवण्याची पद्धत आली, तेव्हा घड्याळाला डोळाही मिळाला. ज्याला आपण आधुनिक व्यवस्थापन म्हणतो ते टेलरच्याच खांद्यावर उभे आहे. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत सेकंदांनी बांधलेले काम करणारी आमच्या जिल्ह्यातली पोरे हे कोणत्याही प्राध्यापकापेक्षा चांगले जाणतात.

आता दुसरा पूर्वपक्ष, माझ्या चळवळीतल्या मित्रांचा. ते म्हणतात, माणसाचे श्रम मोजणे हेच पाप, घड्याळ आले की शोषण आले. त्यांच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. १९११ च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातले साचेकामगार स्टॉपवॉच पाहून बाहेर पडले, आणि १९१५ मध्ये अमेरिकन संसदेने लष्करी कारखान्यांत त्या घड्याळाला बंदी घातली. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत दोनऐवजी तीन माग आणि कताईयंत्राच्या एकाऐवजी दोन बाजू सांभाळायला लावणारी 'कार्यक्षमता योजना' आली. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते, त्यामागे ही योजना एक मोठे कारण होते. तरीही मित्रांचा निष्कर्ष चुकतो. माग वाढवायचे तर सूत चांगले हवे, म्हणजे धागा कमी तुटतो. हाताखाली माणूस हवा, आणि ज्यांचे काम जाते त्यांची सोय हवी. कामगारांचे भांडण याच गोष्टींवरून होते. योजनेचा बोजा आपल्या माथी आणि लाभ मालकाच्या खिशात, ही त्यांची तक्रार होती.

मोजमापाने गरिबाचे भलेही केले आहे, हेही या मित्रांनी विसरू नये. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली, तेव्हा शेतावर बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी असायची आणि तो न्यायच समजला जाई. हमीच्या कामावर मात्र घनफुटाला एकच दर लागू झाला. टेप धरणाऱ्याला खड्डा कोणी खणला हे विचारावे लागत नव्हते. मुकादमाच्या मर्जीपेक्षा टेप बरा, हे त्या पिढीच्या बायांना कोणी शिकवावे लागले नाही. म्हणून मोजूच नका, या मागणीला माझा ठाम विरोध आहे.

तिसरे मत सर्वांत घातक आहे, कारण ते अधिकाराच्या खुर्चीतून येते. दर शास्त्राने ठरलेले आहेत, मजुरी कमी पडली तर मजूर आळशी आहे, असे ते सांगते. या मंडळींनी टेलर एकदा तरी मुळापासून वाचावा. १८९९ मध्ये बेथलेहेम पोलाद कारखान्यात त्याने हेन्री नोल नावाच्या मजुराला (पुस्तकात तो श्मिट होतो) दिवसाला साडेबारा टनांऐवजी साडेसत्तेचाळीस टन कच्चे लोखंड गाडीत भरायला लावले, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्याच प्रकरणातला दुसरा आकडा कोणी सांगत नाही. कच्च्या लोखंडाचा सुमारे ४२ किलोचा एक ठोकळा उचलणाऱ्या पट्टीच्या गड्याच्याही अंगावर दिवसातला ४३ टक्के वेळच ओझे असावे आणि उरलेला ५७ टक्के वेळ त्याचे अंग मोकळे राहिले पाहिजे, असे टेलरचे गणित होते. एक माणूस नोलजवळ उभा राहून त्याला आता उचल, आता बस, असे सांगे. विश्रांती ही त्या शास्त्राची अटच होती. फावड्याचेही तसेच. एका फावड्यात सुमारे साडेनऊ किलो माल आला तर दिवसाचे काम सर्वाधिक होते, हे शोधल्यावर त्याने हलक्या मालाला मोठी आणि जड मालाला लहान फावडी कारखान्याच्या खर्चाने ठेवली.

आमच्या मातीकामावर यातले काय आले? टिकाव, खोरे, टोपले मजुराने घरून आणायचे. पारा ४३-४४ अंशांवर गेला की अंगाला किती मोकळीक लागते, डोक्यावर टोपले घेऊन बांध चढणाऱ्या बाईच्या छातीचे ठोके कुठवर जातात, याचा रकाना मोजमाप पुस्तिकेत नाही. टेलरच्या शास्त्राचे दोन भाग होते, मजुराने किती करायचे आणि व्यवस्थापनाने त्याच्यासाठी काय करायचे. आपण पहिला भाग कायद्यात आणि दरसूचीत उतरवला आणि दुसरा सोडून दिला.

ऊसतोडीत तर पहिल्या भागातलेही घड्याळ गळून केवळ वजन उरले आहे. दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, सोनपेठ, पालमच्या वाड्या-तांड्यांवरून जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि टनावर दर. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचे, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या, गाडी रात्री आली तर रात्री भरायची. एखादा दिवस आजारपणात गेला तर खाड्याचा दंड. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती हवीच होती. पण वाटाघाटींत भांडण होते ते टनामागच्या रुपयांवर. मोळी किती किलोची असावी, फडापासून गाडी किती लांब चालेल, किती खेपांनंतर बसायचे, यावर कोणी हटून बसल्याचे मी पाहिलेले नाही.

इतके म्हटल्यावर टेलरचा दोष झाकून चालणार नाही. काम जवळपास चौपट झाले आणि नोलची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ वर गेली, म्हणजे साठ टक्क्यांनीच वाढली. त्याहून मोठा दोष पुढचा. विचार साहेबाने करायचा आणि मजुराने निमूटपणे राबायचे, अशी कामाची फाळणी त्याने केली. मजुराच्या बुद्धीची तुलना त्याने बैलाशी केली, आणि हाच मजूर जमिनीचा तुकडा विकत घेऊन कामाच्या आधी आणि नंतर आपले घर बांधतो आहे, हेही त्याच पुस्तकात त्यानेच लिहिले. भिंत उभी करणारा माणूस ओळंबा लावतो, विटांचा हिशेब करतो, चुन्याचा अंदाज घेतो. हे समोर दिसत असून टेलरला ते बुद्धीचे काम वाटले नाही. इथे तो शास्त्रज्ञ म्हणून हरला.

या फाळणीचे खंडन आपल्याच देशात झाले आहे. १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत संशोधक ए. के. राइस यांनी विणकरांना मागांच्या संचाची जबाबदारी गटाने घेऊ दिली. कोणी काय करायचे हे त्या गटांनी आपसांत ठरवले. उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले.

आणि मोजमापाच्या चांगल्या वापरासाठी अहमदाबादलाही जायला नको. १९७२ मध्ये स्थापन झालेले आमचे कृषी विद्यापीठ, आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणीतच आहे. तिथल्या गृहविज्ञान शाखेने, आता तिला सामुदायिक विज्ञान म्हणतात, शेतकरी बायांचे श्रम मोजण्याचे काम केले. खुरपताना, कापूस वेचताना हृदयाचे ठोके किती वाढतात ते पाहायचे आणि ताण कमी करणारी साधने सुचवायची, अशी ती दिशा. साधन टेलरचेच, मोजणी. फरक इतका की कापसाचे किलो मोजण्याऐवजी बाईच्या देहावर काय पडते ते मोजले. मला या कामाचा अभिमान आहे, आणि ते प्रशिक्षणवर्ग नि प्रदर्शनांच्या पलीकडे दरसूचीपर्यंत पोचावे असे मनापासून वाटते.

तेव्हा माझी मागणी रोखठोक आहे. मातीकामाचे आणि ऊसतोडीचे दर ठरवताना विद्यापीठाने ठोके मोजावेत, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेगवेगळे, गड्याचे आणि बाईचे वेगवेगळे. त्यातून विश्रांतीचा जो वेळ निघेल तो दरातच धरावा, म्हणजे बसल्याने मजुरी बुडणार नाही. हत्यारे काम देणाऱ्याने द्यावीत. टेप लावताना खणणाऱ्यांतली दोन माणसे अभियंत्याशेजारी उभी असावीत, त्यातली एक बाई, आणि मोजमाप पुस्तिकेवर त्यांची सही झाल्याशिवाय नोंद पक्की धरू नये. ऊसतोडीच्या पुढच्या करारात टनाच्या दराबरोबर मोळीचे वजन आणि गाडीचे अंतरही लिहून घ्यावे. त्या बैठकीला संघटनेचे पुढारी जातीलच. त्यांच्यासोबत गंगाखेड-पालमकडच्या कोयता चालवलेल्या चार बायाही गेल्या पाहिजेत.